ॲव्हरेज पडलं? आधी मोजा, मग पाना उचला

उस्मानिया हॉस्पिटलकडे धावणाऱ्या रिक्षा, बेगम बाजारातून माल भरून निघालेले टेम्पो, नयापुलावरून येणाऱ्या सिटी बस आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या हातगाड्या. हैदराबादमधल्या अफझलगंजच्या या गर्दीतून रोज जुनी गाडी काढणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "पूर्वी पंधरा द्यायची, आता अकराच्या वर जात नाही." त्यावर सल्लेही ठरलेले. प्लग बदला, कार्बन काढा, टाकीत औषधाची बाटली ओता, नाहीतर विकून मोकळे व्हा. कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा भागांतल्या कितीतरी मराठी घरांत दहा-पंधरा वर्षांची गाडी अजून नेटाने चालते आहे. ती तशीच चालत राहावी आणि घरच्यांचे पैसे अंदाजपंचे सुटे भाग बदलण्यात जाऊ नयेत, म्हणून काही पक्के गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: गाडी जुनी झाली की ॲव्हरेज पडणारच

वस्तुस्थिती: पेट्रोलचा खप गाडीच्या वयाने वाढत नाही, बिघाडाने वाढतो. इंजिन खरोखर झिजलं असेल तर ते तसं सांगतं: सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं, चढावर ताकद कमी पडते. शंका असेल तर मिस्त्रीकडून कम्प्रेशन तपासून घ्या. प्लग काढून त्या जागी गेज लावतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब बघतात. सगळ्यांचा दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि जवळपास सारखा आला, तर इंजिन खोलायचं कारण नाही. दोष मग ब्रेक, थर्मोस्टॅट, सेन्सर असल्या कमी खर्चाच्या जागी शोधायचा.

गैरसमज २: कंपनीने वीस सांगितलं, मला बारा मिळतं, म्हणजे बिघाड आहे

वस्तुस्थिती: जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, सेकंदासेकंदाला ठरलेल्या वेगाने चालवतात. त्या चाचणीत अफझलगंजचा चौक नसतो. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी.

मोजायची रीत सोपी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, वरून थेंबही टाकू नका. किलोमीटर लिहून ठेवा. निदान तीनशे किलोमीटर गाडी चालली की त्याच पंपावर तशीच टाकी भरा. चाललेले किलोमीटर भागिले या खेपेला भरलेले लिटर, हे खरं ॲव्हरेज. एका खेपेवर विसंबू नका, दोन-तीन वेळा मोजा.

मग एक मोजणी लांबच्या रस्त्यावर करा. सुट्टीत देगलूरमार्गे नांदेडला जाणार असाल तर चांगलीच संधी. हायवेला ॲव्हरेज पूर्वीसारखं आणि शहरात पडलेलं, तर पहिला संशय रहदारीवर घ्या. दोन्हीकडे पडलं असेल तर बिघाड बहुधा गाडीत आहे. निम्मं निदान इथेच होतं.

गैरसमज ३: गाडी बरोबर आहे, पंपवालाच माप मारतो

वस्तुस्थिती: शंका असेल तर तिथल्या तिथे फेडून घ्या. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ते भरून दाखवा म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. माप या मर्यादेत निघालं, तर पंधराचं अकरा होण्याचं कारण पंपाबाहेर शोधायला हवं.

गैरसमज ४: उभ्या गाडीला कितीसं पेट्रोल लागतं?

वस्तुस्थिती: छोट्या कारचं इंजिन उभ्या जागी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळतं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. हिशेब मांडून पाहा. महिन्याला ६०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला १५ च्या ॲव्हरेजने ४० लिटर लागतात. तीच गाडी नयापूल ते मोअज्जम जाही मार्केट या पट्ट्यात रोज वीस मिनिटं जास्तीची उभी राहू लागली, तर तासाला ०.६ लिटर धरून महिन्याला ६ लिटर वाढले. ॲव्हरेज १३ वर आलं आणि गाडीत बिघाड मात्र काहीच नाही.

इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तर जास्त पेट्रोल जातं, ही समजूतही चुकीची. इंजेक्शनच्या गाडीत दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करण्यातच फायदा आहे. फक्त बॅटरी आणि स्टार्टर धड असावेत.

गैरसमज ५: थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही, मग ठेवायचा कशाला?

वस्तुस्थिती: हा गैरसमज सगळ्यांत महागात पडणारा आहे. उन्हाळ्यात गाडी तापू लागली की थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. या वॉल्व्हमध्ये मेण असतं. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर गेलं की ते मेण वितळून फुगतं, वॉल्व्ह उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागतं. तोवर वाट बंद असते, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. वॉल्व्हच नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन गरमच होत नाही. इंजिन अजून थंड आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, त्याने झीजही वाढते.

हे घरी तपासता येतं. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला बाहेरून अधूनमधून हात लावा. पंख्यापासून बोटं लांब ठेवा आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. वॉल्व्ह ठीक असेल तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम चटका देण्याइतकी तापते. सुरुवातीपासूनच ती हळूहळू कोमट होत गेली, तर वॉल्व्ह काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे. हायवेवर तापमानाचा काटा खाली घसरणं ही दुसरी खूण. गाडी तापण्याचं मूळ कारण बहुधा तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा गळती यांत असतं. ते दुरुस्त करा आणि वॉल्व्ह परत बसवून घ्या.

गैरसमज ६: चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, म्हणजे सगळं ठीक

वस्तुस्थिती: चिकटलेला ब्रेक हा दिवा लावत नाही. सपाट, रिकाम्या रस्त्यावर अगदी कमी वेगात गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पाहा. ती सहज घरंगळत न जाता अडखळून थांबली तर ब्रेक घासतो आहे. काही किलोमीटर चालवल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, रिमला लावू नका. एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर त्याचा कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे.

मंदावलेला ऑक्सिजन सेन्सरही बराच काळ दिवा न लावता पेट्रोल जाळत राहू शकतो. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्कॅनर लावल्यावर नुसता फॉल्ट कोड विचारू नका, चालू इंजिनचे आकडे दाखवायला सांगा. दोन आकडे महत्त्वाचे: कूलंटचं तापमान आणि 'फ्युएल ट्रिम', म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती. दीर्घ मुदतीचा ('लाँग टर्म') ट्रिम अधिक किंवा उणे दहा टक्क्यांपलीकडे गेला असेल, तर मिश्रण कुठेतरी बिघडलं आहे.

गैरसमज ७: नवा एअर फिल्टर किंवा महागडं पेट्रोल टाकलं की झालं

वस्तुस्थिती: कार्ब्युरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर पेट्रोल वाढवतो, हे खरं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी झाली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो. तिथे पिकअप पडतो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून फिल्टर वेळेवर बदलायचाच. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल इंजिनाची खटखट रोखतं, पण साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. टायरमधली हवा चार-पाच पौंडांनी कमी असेल तर जेमतेम एक टक्का नुकसान होतं. ती भरायची ती मुख्यतः सुरक्षिततेसाठी.

गैरसमज ८: सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा

वस्तुस्थिती: थोडा दोष आहे, सगळा नाही. लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच म्हटलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे १५ चं १४. ही घट खरी आहे आणि जुन्या गाडीवाल्यांची तक्रारही रास्त आहे. पण १५ चं ११ झालं असेल तर उरलेले तीन किलोमीटर गाडीतच किंवा रहदारीत शोधावे लागतील. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्याही एकदा बघून घ्या. त्या फुगल्या किंवा भेगाळल्या असतील तर लगेच बदला.

गैरसमज ९: उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं

वस्तुस्थिती: इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक सुटतो, तो धोका वेगळाच.

तेव्हा क्रम असा ठेवा. दोन-तीन टाक्या मोजा, शहराचा आणि हायवेचा आकडा वेगळा काढा. टायर, ब्रेक आणि रेडिएटरची नळी घरीच बघा. मग स्कॅनर, आणि गरज पडलीच तर कम्प्रेशन. मिस्त्रीकडे जाताना हे आकडे कागदावर लिहून न्या. चांगला मिस्त्री त्या कागदाची कदर करतो, आणि न बघताच भाग बदलायला सांगणाऱ्याला "का?" असं विचारायचा आधार तुम्हाला मिळतो. काय बिघडलं हे कळल्याशिवाय एकही भाग बदलू देऊ नका.