लॅपटॉपचा ताप

तापानें फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर गार पाण्याची घडी ठेवली म्हणजे त्यास बरें वाटतें. परंतु त्यायोगें रोग जात नाहीं, हें घरांतील वडीलधारीं माणसें जाणून असतात. तापलेल्या यंत्राच्या बाबतींत मात्र हें शहाणपण पुष्कळांना आठवत नाहीं. कॉलेजांत जाणारा मुलगा खेळाकरितां घेतलेला लॅपटॉप उघडून बसतो. दहापंधरा मिनिटें चित्र सुरळीत चालतें. मग पंखा घोंगावूं लागतो, कळफलकावर बोटें ठेववत नाहींत, आणि धांवतें चित्र अडखळूं लागतें. मग कोणी खालीं ठेवावयाचा पंखा विकत आणतो, तर कोणी यंत्र म्हातारें झालें असें समजून तें मिळेल त्या किमतीस काढून टाकतो. यंत्राची किंमत लाखाच्या घरांत असते, आणि पुष्कळदां दोष निघतो तो चिमूटभर धुळीचा! तेव्हां हा ताप कोठें उत्पन्न होतो, कोणत्या वाटेनें बाहेर पडतो आणि ती वाट कोठें अडते, एवढें समजून घेतलें तर पैसा व यंत्र हीं दोन्ही वांचण्याचा संभव पुष्कळ आहे.

प्रथम तापाचा उगम पाहूं. तारेंतून विजेचा प्रवाह गेला म्हणजे उष्णता उत्पन्न होते, व ती किती होते याचें गणित ठरलेलें आहे, हें जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिलें. विजेची शेगडी व इस्त्री याच नियमावर चालतात. लॅपटॉपचें काम निराळें, पण नियम त्यालाही सुटत नाहीं. पडद्याचा प्रकाश व आवाज यांचा अल्पसा भाग वगळला, तर त्यानें घेतलेल्या सर्व विजेची अखेर उष्णताच होते. पत्र लिहीत असतां साधा लॅपटॉप १० ते २० वॉट वीज घेतो. खेळाचा लॅपटॉप ऐन खेळांत १५० ते २०० वॉट, आणि कधीं कधीं त्याहूनही अधिक घेतो. जुन्या पद्धतीचे १०० वॉटचे दोन दिवे दोन बोटें जाडीच्या डब्यांत कोंडून पेटवावेत, तशी ही स्थिति असते. शिवाय ही उष्णता साऱ्या डब्यांत सारखी पसरलेली नसते. हिशेब करणारा प्रोसेसर आणि चित्रें रेखाटणारी ग्राफिक्स चिप, अशा दोन लहानशा ठिकाणीं तिचा मोठा भाग एकवटलेला असतो.

आतां तिची बाहेर पडण्याची वाट. चिपच्या पाठीवर तांब्याचा पत्रा दाबून बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठें डोळ्यांस गुळगुळीत दिसलीं तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात व त्या खळग्यांत हवा राहते. हवा ही उष्णतेची फारच वाईट वाहक आहे. तांब्याची वाहकता तिच्या सुमारें १५,००० पट भरते. म्हणून हे खळगे भरून काढण्यासाठीं मध्यें एक करड्या रंगाची पेस्ट लावलेली असते. पत्र्यावरून उष्णता चपट्या तांब्याच्या नळ्यांत शिरते. या नळ्या भरीव नसतात. आंतील हवा काढून घेऊन त्यांत थोडेंसें पाणी बंद केलेलें असतें. तापलेल्या टोंकाशीं त्या पाण्याची वाफ होते; ती थंड टोंकाशीं जाऊन निवते; आणि दिव्याच्या वातींतून तेल चढावें, तसें तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून पुन्हां मागें येतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना ५०० हून अधिक कॅलरी उष्णता शोषली जाते. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, तेंच कारण येथेंही राबतें. अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं अशी नळी करून दाखविली. पुढें ती कृत्रिम उपग्रहांत गेली, आणि आज ती विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन बसली आहे.

नळीच्या थंड टोंकास धातूच्या पातळ पात्यांची दाट जाळी असते. पंखा खालच्या झरोक्यांतून हवा ओढतो व या पात्यांमधून बाजूच्या किंवा मागच्या झरोक्यांतून बाहेर फेंकतो. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. पंखा हवा गार करीत नाहीं. तो फक्त उष्णता खोलींतील हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून खोली जितकी तापलेली, तितकी चिपही अधिक तापणार. २२ अंश सेल्सियसच्या खोलींत जी चिप ८० अंशांवर राहते, तीच त्याच कामांत ४२ अंशांच्या खोलींत १०० च्या आसपास जाऊं पाहते. नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूस मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पुष्कळ लॅपटॉप तर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठींच योजलेले असतात. पुण्यास थंडींत बिनतक्रार चाललेलें यंत्र वऱ्हाडांत उन्हाळ्याच्या सुटींत रडूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं.

चित्र अडखळतें तें कां, याचाही उलगडा आतां होईल. चिपच्या पोटांतच उष्णतामापक बसविलेला असतो. प्रोसेसरची मर्यादा बहुधा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ग्राफिक्स चिपची सहसा त्याहून कांहींशी खालीं असते. ही मर्यादा गांठली कीं चिप आपली गति आपणच कमी करते. तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र स्वतःस बंद करून घेतें. म्हणजे हें अडखळणें म्हातारपण नव्हे, ती स्वसंरक्षणाची युक्ति होय. खेळांत ८० ते ८५ अंश दिसले म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. यंत्र वारंवार मर्यादेस भिडत असेल तर मात्र कारण शोधलें पाहिजे.

कारण शोधण्यास प्रथम लागतात ते उष्णतामानाचे आंकडे, आणि मग आपला तळहात. आंकडे दाखविणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. यंत्र कठीण पृष्ठावर ठेवून खेळ वीस मिनिटें चालूं द्यावा, आणि चिप मर्यादेशीं पोंचली म्हणजे बाहेर टाकणाऱ्या झरोक्यापासून चार बोटें अंतरावर तळहात धरावा. तीन प्रकार संभवतात. वारा मंद आहे पण चांगलाच ऊन आहे, असें असेल तर उष्णता पात्यांपर्यंत येते, परंतु हवा तिला नेत नाहीं. वाट धुळीनें अडली आहे किंवा पंखा थकला आहे. वारा जोराचा आहे पण केवळ कोमट आहे, असें असेल तर हवा आहे पण उष्णताच पात्यांपर्यंत पोंचत नाहीं. पेस्ट वाळली आहे किंवा पत्रा नीट बसलेला नाहीं. वारा जोराचाही आहे आणि कढतही आहे, असें असेल तर वाट मोकळी आहे. उत्पन्नच तिच्या आवांक्याबाहेर चाललें आहे. या तीन प्रकारांचे उपाय निरनिराळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर खर्च होतो, गुण येत नाहीं.

पहिल्या प्रकारांत साफसफाई हाच उपाय. पंखा व पातीं यांच्यामध्यें धूळ व केस यांची नमद्यासारखी घडी बसते, आणि ती बाहेरून दिसत नाहीं. यंत्र पूर्ण बंद करून व चार्जर काढून मग तळाचें झांकण उघडावें. बॅटरीची जोडणी सुटी करतां येत असेल तर तीही करावी. हवेचा फवारा मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावींत. तीं फवाऱ्यानें भरधांव फिरलीं तर पंख्यास इजा होण्याचा संभव असतो. तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकरेबरोबर थुंकीचे कण आंत जातात. घरचा धूळ ओढणारा झाडूही लावूं नये. त्यानें उत्पन्न होणारी स्थिर वीज नाजुक भागांस मारक ठरूं शकते. झांकण उघडल्यानें हमी रद्द होत असेल, किंवा हात या कामास सरावलेला नसेल, तर जाणत्या कारागिराकडून हें काम करून घ्यावें.

दुसऱ्या प्रकारांत जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते. ती थोडीच लावावी. तिचें काम खळगे भरण्याचें आहे, थर चढविण्याचें नाहीं. पत्र्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आळीपाळीनें आवळावे, म्हणजे दाब सारखा पडतो. कांहीं यंत्रांत पेस्टच्या जागीं गॅलियमयुक्त द्रव धातु असतो. तो विजेचा वाहक आहे, व ॲल्युमिनियमला खातो. त्याचा थेंब इकडेतिकडे गेला तर सबंध यंत्र निकामी होऊं शकतें. यास्तव तेथें घरगुती हात चालवूं नये.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा, आणि त्याकडेच लक्ष सर्वांत कमी जातें. चिपला लागणारी शक्ति तिच्या गतीच्या प्रमाणांत वाढते, आणि तिला दिलेल्या विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. गति व दाब हीं दोन्ही १० टक्क्यांनीं उतरविलीं, तर या हिशेबानें शक्तीचा खर्च सुमारें २७ टक्क्यांनीं उतरतो. शेवटची थोडी गति ही अशी फार महाग पडते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्यें प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजीं ९९ टक्के केली, तर इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची टर्बो नांवाची जादा गति बंद होते, आणि उष्णतामान झपाट्यानें खालीं येतें. दुसरा उपाय चित्रांच्या संख्येचा. पडदा सेकंदास ६० चित्रें दाखविणारा असेल, आणि ग्राफिक्स चिप १५० रेखाटीत असेल, तर वरचीं बहुतेक चित्रें डोळ्यांपर्यंत पोंचतच नाहींत. त्यांची उष्णता मात्र पोंचते. २०१० सालीं ‘स्टारक्राफ्ट २’ हा खेळ निघाला, तेव्हां त्याच्या साध्या निवडसूचीच्या पडद्यावरच कित्येकांचीं यंत्रें तापूं लागलीं. चित्र साधें, संख्येस मर्यादा नाहीं, म्हणून चिप विनाकारण पूर्ण वेगानें राबत होती. संख्येस मर्यादा घालण्याचा उपाय खेळ काढणाऱ्या कंपनीनेंच सुचविला. बहुतेक खेळांत ही सोय आतां असते, ती वापरावी.

राहतां राहिल्या रोजच्या संवयी. गादी, उशी किंवा गोधडी यांवर लॅपटॉप ठेवूं नये. खालचा झरोका बंद होऊन यंत्राचा श्वास कोंडतो. मागची कड दोन बोटें उचलून धरली तरी वाट मोकळी होते, आणि त्यास पैसा पडत नाहीं. गार करण्यासाठीं यंत्र फ्रिजमध्यें ठेवणें हा तर आत्मघात होय, कारण आंत दंव जमतें. चालूं यंत्र पिशवींत कोंबूं नये. मांडीवर घेऊन तासन् तास खेळणेंही बरें नव्हे. तसें करणाऱ्या स्वित्झर्लंडमधील एका १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर जाळीदार डाग उठल्याची हकीगत २०१० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. काश्मिरांत कांगडी पोटाशीं धरणाऱ्यांच्या अंगावर जे डाग उठतात, त्याच जातीचे ते होते.

बॅटरीचा विषय मात्र निराळा व गंभीर आहे. सततच्या उष्णतेनें लिथियम बॅटरी लवकर झिजते, व कधीं कधीं आंत वायु होऊन फुगते. टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ डुगडुगूं लागला, तर यंत्र तात्काळ बंद करावें, चार्जिंगला लावूं नये, आणि बॅटरी दाबूं अगर टोंचूं नये. तीस आग लागण्याचें भय असतें. ती कचऱ्याच्या डब्यांत न टाकतां दुरुस्तिकेंद्राच्या किंवा ई-कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करावी. यंत्र बहुतेक वेळ चार्जरवरच चालत असेल, तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय अनेक लॅपटॉपांत असते. तिनें बॅटरीचें आयुष्य वाढतें.

सारांश, उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. ती कमी उत्पन्न करतां येते, किंवा तिची वाट मोकळी ठेवतां येते. तिसरा मार्ग नाहीं. खालीं ठेवावयाचा पंखा, महागडी पेस्ट किंवा नवें यंत्र यांवर पैसा घालण्यापूर्वीं झरोक्यापाशीं तळहात धरून पाहावा. ताप कोठें अडला आहे, हें तो वारा बिनचूक सांगतो.