मेंदूच्या आघातात हृदयाची साक्ष

1954 या एकाच साली दोन शोध प्रसिद्ध झाले, आणि परस्परांशी काही संबंध नसलेले हे दोन शोध पुढे एकाच प्रश्नात येऊन मिळाले. न्यू ऑर्लिअन्सच्या जॉर्ज बर्च यांनी आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, मेंदूतील रक्तवाहिनीला अपघात होऊन पडलेल्या काही रुग्णांच्या ईसीजीत टी-तरंग विलक्षण मोठे व बहुधा उलटे दिसतात, क्यूटी अंतर लांबते, आणि रोग्याकडे न पाहता केवळ तो कागद पाहणाऱ्याने दुखणे हृदयाचेच आहे असा निर्वाळा द्यावा, असा तो आलेख असतो. न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन या त्रयीने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर मृत स्नायूतून ट्रान्सअमिनेज नावाचे विकर रक्तात उतरते व ते मोजता येते, हे सिद्ध केले. एकाने शंका उपस्थित केली आणि दुसऱ्याने त्या शंकेच्या तपासाचे साधन हाती दिले. मात्र त्या साधनाने पक्षाघाताच्या रोग्याचे भवितव्य वाचू पाहण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

आरंभीचे हे साक्षीदार फारसे इतबाराचे नव्हते. ट्रान्सअमिनेज यकृतातही असते; त्यानंतर प्रचारात आलेले क्रिएटिन कायनेज तर शरीरातील सर्वच स्नायूंत असते, आणि पक्षाघाताने कोसळून रात्रभर जमिनीवर पडून राहिलेल्या मनुष्याच्या दंडामांड्यांचे स्नायू चेचले गेल्यानेच त्याचा आकडा चढतो. म्हणून हृदयात विशेषेकरून आढळणारा त्याचा एमबी हा अंश वेगळा काढून मोजण्याची रीत पडली, आणि 1979 मध्ये टोरांटोचे नॉरिस, हाचिन्स्की व त्यांचे सहकारी यांनी पक्षाघाताच्या रोग्यांत तो दिवसेंदिवस मोजून पाहिला. हृदयविकारात तो दिवसभरात शिखर गाठून झपाट्याने उतरतो; येथे तो हळूहळू, थोडाथोडा, कित्येक दिवस चढत राहिला. एकाएकी बंद पडलेल्या रक्तवाहिनीची ही चाल नव्हे, कोणीतरी हृदयाला सतत पीडा देत असल्याची ही खूण आहे, हे त्या संथ चढणीने सांगितले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात विचाराला खरे वळण देणारी नोंद हीच.

पीडा देणारा कोण, याचाही उलगडा होत गेला. मेंदूला इजा होताच अनुकंपी मज्जासंस्था उसळते आणि हृदयाच्या स्नायूत शिरलेल्या तिच्या तंतूंच्या टोकांशी नॉरअड्रेनलीन इतके साचते की, पेशींत कॅल्शियम लोटून त्या आकुंचन पावतात ते पुन्हा सैल न पडण्यासाठीच. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींत आडवे पट्टे दिसतात. रक्ताअभावी मेलेला हृदयाचा भाग सलग असतो. हे मरण मात्र तुरळक, मज्जातंतूंच्या आसपास विखुरलेले असते. मेंदूच्या बाजूकडील खोल घडीत दडलेल्या इन्सुला या भागाकडे या उसळीचा उगम म्हणून संशय वळला. 1992 मध्ये ओपनहायमर व सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हा भाग विजेने चेतवला असता, उजवीकडे बहुधा नाडी वाढते आणि डावीकडे मंदावते, असे त्यांना आढळले. शोकाने छाती फुटते, भयाने काळीज थांबते, असे जे आपली भाषा शतकानुशतके म्हणत आली, त्याला शारीरिक पत्ता मिळाला तो येथे.

जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकात शोधलेले ट्रोपोनिन हे स्नायुप्रथिन रक्तात मोजण्याची पद्धत हायडेलबर्गच्या हुगो काटुस यांनी 1989 च्या सुमारास सिद्ध केली. हृदयाचे ट्रोपोनिन इतर स्नायूंच्या ट्रोपोनिनहून वेगळे ओळखता येत असल्याने साक्षीदार बदलला आणि साक्ष स्वच्छ झाली. 2000 साली ऑकलंड येथील वैद्यांनी पक्षाघाताच्या 181 रोग्यांचे ट्रोपोनिन मोजले. ज्या 30 जणांत ते वाढलेले होते त्यांतील 12 जण रुग्णालयातच दगावले, म्हणजे शंभरी चाळीस. उरलेल्या 151 जणांत हे प्रमाण शंभरी तेरा होते. 2009 मध्ये ग्लासगोच्या अभ्यासकांनी अशा 15 अभ्यासांची एकत्र पाहणी केली, तेव्हा सुमारे 18 टक्के रोग्यांत ट्रोपोनिन वाढलेले निघाले आणि त्यांना मृत्यूचा धोका जवळजवळ तिप्पट ठरला.

तथापि मृत्यूची चाहूल देणारी खूण आणि मृत्यूचे कारण या दोन भिन्न गोष्टी होत, आणि या क्षेत्रात त्यांची गल्लत वारंवार झाली. वृद्धाचे, मूत्रपिंड दुबळे झालेल्याचे, मोठा आघात झालेल्याचे ट्रोपोनिन मुळातच जास्त असते, आणि तीच माणसे मुळातच अधिक दगावतात. ग्लासगोमध्येच 2007 साली झालेल्या एका अभ्यासात या बाबी जमेस धरताच ट्रोपोनिनचे स्वतंत्र वजन उरले नव्हते. बीएनपी या संप्रेरकाची कथाही अशीच. 1988 मध्ये मियाझाकी येथील संशोधकांना ते डुकराच्या मेंदूत सापडले म्हणून त्याला मेंदूचे नाव चिकटले, पुढे ते मुख्यतः हृदयाच्या जवनिकांतून स्रवते असे निघाले, आणि पक्षाघातात ते मृत्यूशी निगडित असल्याचेही ठरले. परंतु बार्सेलोनाच्या अभ्यासकांनी 2013 मध्ये अनेक अभ्यासांतील रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा, वय आणि आघाताची तीव्रता ठाऊक असताना या आकड्याने पदरात पडणारी भर अगदी अल्प दिसली. खाटेशी उभे राहून हात उचलवून पाहणे, बोलवून पाहणे, डोळे कोठे वळतात ते न्याहाळणे, या बिनखर्ची परीक्षेला बाजूस सारील असा आकडा अद्याप सापडलेला नाही, हे गरीब रोग्याच्या नातलगांपुढे तपासण्यांची यादी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरावे, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्न भाकिताचाच असता तर वाद इतका तापला नसता. ट्रोपोनिन वाढले म्हणून हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणारी प्रखर औषधे सुरू करावीत, तर ताज्या आघाताने हळवा झालेला मेंदू रक्तस्रावाने भरून जाण्याची भीती; न करावीत, तर खरोखरच हृद्रोहिणी तुंबली असल्यास रोगी हातचा जाण्याची भीती. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील 2016 च्या अभ्यासाने या पेचाला प्रथमच डोळ्यांनी पाहिलेला पुरावा दिला. ट्रोपोनिन बरेच वाढलेल्या पक्षाघाताच्या 29 रोग्यांची हृद्रोहिण्यांची छायाचित्रे घेतली. तितकेच ट्रोपोनिन असलेले, त्याच वयाचे 29 हृदयरोगी तुलनेस घेतले. हृदयरोग्यांपैकी 23 जणांत झटक्यास जबाबदार असा अडथळा सापडला. पक्षाघाताच्या रोग्यांपैकी केवळ 7 जणांत तो सापडला, आणि पक्षाघाताच्या एकूण 29 रोग्यांतील सुमारे निम्म्यांच्या हृद्रोहिण्या तर निर्दोष होत्या. सात ही संख्या मात्र शून्य नव्हे, आणि त्या सात जणांना वगळून कोणताही सरसकट हुकूम काढता येत नाही. 2018 मध्ये याच बर्लिनच्या शाइट्झ, एन्ड्रेस प्रभृतींनी, टोरांटोच्या त्या जुन्या अभ्यासातील हाचिन्स्कींसह, या साऱ्या लक्षणांना पक्षाघात-हृदय लक्षणसमूह असे एकत्र नाव दिले.

उपचाराची आशा एकदा तरी आकड्यावर बांधून पाहण्यात आली. ज्यांच्या पक्षाघाताचे कारण सापडत नाही पण बीएनपीचा सोबती एनटी-प्रोबीएनपी अथवा हृदयाच्या अलिंदाच्या अन्य खुणा बिघडलेल्या आहेत, अशा 1015 रोग्यांत अ‍ॅपिक्साबान आणि अ‍ॅस्पिरिन यांची तुलना अमेरिका व कॅनडातील आर्केडिया चाचणीत झाली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पुन्हा आघात होण्याचे वार्षिक प्रमाण दोन्ही गटांत 4.4 टक्के, अगदी एकसारखे, आणि निष्फळतेमुळे चाचणी मुदतीपूर्वीच थांबवलेली.

आज पक्षाघाताचा रोगी दाखल होताच ट्रोपोनिनसाठी रक्त काढले जाते, परंतु गुठळी विरघळवणारी सुई त्या अहवालासाठी थांबवीत नाहीत. आणि अतिसंवेदनशील मापनपद्धतीत दर लिटरला 14 नॅनोग्रॅमची मर्यादा पुष्कळच रोगी ओलांडीत असल्याने, काही तासांनी पुन्हा रक्त काढून आकडा चढतो आहे, उतरतो आहे की जागचा हलत नाही, हे पाहिले जाते. हलत नसेल तर ते बहुधा जुने दुखणे. चढत असेल तर हृद्रोगतज्ज्ञाला बोलावणे धाडतात.