टेक्टॉनिक सोर्समधून बसवताना गाडी अडते ती इथंच

लेटेकमध्ये मराठी पुस्तक लावायचं तर अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे जुळेपर्यंत फाइल दोन-तीनदा चालवावी लागते. टेक्टॉनिक हे मोफत साधन ही धावपळ स्वतः करतं, लागणारी पॅकेजेसही नेटवरून उतरवून घेतं. पोटात झीटेक असल्यानं युनिकोड मराठी त्याला चालते.

आधी रस्ट घ्यायचं, मग ‘कार्गो इन्स्टॉल टेक्टॉनिक’. घोडं पेंड खातं ते इथं. फॉन्टकॉन्फिग, फ्रीटाइप, आयसीयू, ग्राफाइट यांच्या डेव्हलपमेंट फाइली नसल्या की बिल्ड अर्ध्यात थांबतो. रस्टला दोष देऊन उपयोग नाही. उबंटूवर या पॅकेजांच्या नावाशेवटी ‘डेव्ह’ असतं. जोडाक्षरं जुळवतं ते हार्फबझच. तरीही फॉन्ट निवडताना ‘स्क्रिप्ट’पुढे ‘देवनागरी’ लिहायचं राहिलं, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते!