हिरवे ते सारे कुरण नव्हे

पावसाळ्यात चांदूर बाजारच्या उत्तरेला सातपुड्याची रांग हिरवी झाली, की आपण म्हणतो, ‘यंदा रान झकास झालं!’ पण बँकेत उभी हयात गेलेला माणूस नुसत्या एकूण रकमेवर भुलत नाही. रक्कम कोणत्या खात्यावर आहे, ठेव आहे की कर्ज, हे तो आधी पाहतो. गवताचेही तसेच आहे.

मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पुढे या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे जंगलाबाहेर, अकोट तालुक्यात वसवण्यात आली. मागे राहिली ती पडीक वावरे. नांगर थांबला म्हणजे चांगले गवत आपोआप येते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आधी हजर होतात ते तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत. लांबून सारे हिरवेगार. पण सांबराने तोंड लावावे असे त्यात थोडेच!

मेळघाटातली कुरणे सुधारण्यासाठी चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. गजानन मुरतकर यांनी वनविभागाबरोबर काम केले. या कामाची रीत साधी, पण चिकाटीची. तण फुलावर येण्याआधी उपटायचे, चांगल्या गवताचे बी राखायचे आणि हे वर्षानुवर्षे करायचे.

मग येतो हिशेब. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट जमिनीवर ठेवायची. आतल्या जाती मोजायच्या, उंची घ्यायची, गवत कापून, वाळवून तोलायचे. ओले तोलले तर पाण्याचेच वजन भरते. अशी चौकट १८९८ साली अमेरिकेत नेब्रास्काच्या माळरानावर पाउंड आणि क्लेमेंट्स या दोघांनी वापरात आणली. पुढल्या वर्षीची मोजणीही त्याच कुरणात, त्याच सुमारास करायची.

केवळ वजन वाढले म्हणजे कुरण सुधारले असे नाही. तरोट्याचेही वजन भरते, आणि चांगल्या पावसाने एखाद्या वर्षीचा आकडा फुगतो. पवन्या आणि मारवेल किती चौकटींत नव्याने आले, तरोटा किती चौकटींतून गेला, ही खरी शिल्लक.

या कुरणांसाठी काही कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली. ही त्यांची ठेव आहे, आणि ठेवीदाराला हिशेब मागण्याचा हक्क असतो. दरवर्षीची ही मोजणी त्यांच्या नव्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवली, तर ते उपकार ठरणार नाहीत. ते देणेच आहे.