उशिरा गाजलेलं 'स्मोक ऑन द वॉटर'

काल क्लासमध्ये एका मुलाने गिटार हातात घेतल्या घेतल्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ वाजवली. म्हणून ही पोस्ट.

४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोत संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळून खाक झाला. रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या डीप पर्पल या रॉक बँडने तळ्यावर पसरलेला धूर पाहिला आणि त्यावरच हे गाणं रचलं.

१९७२ मध्ये हे गाणं असलेला 'मशीन हेड' अल्बम आला, पण सिंगल म्हणून आधी निवड झाली 'नेव्हर बिफोर'ची. 'स्मोक ऑन द वॉटर' अमेरिकेत १९७३ मध्ये सिंगल म्हणून निघालं आणि बिलबोर्डवर चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं!

ही रिफ वाजवताना पिक बाजूला ठेवा. बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम छेडतो, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी उमटतात.

काही अडलं तर कमेंटमध्ये जरूर विचारा.