डकारचा खडक आणि अटलांटिकची लाट

आफ्रिका खंडाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला, तर पश्चिमेला अटलांटिक महासागरात शिरलेले त्याचे नाक चटकन नजरेत भरते. या नाकाच्या शेंड्यावर सेनेगल देशाची राजधानी डकार वसलेली आहे, आणि शहराच्या कडेचे अल्मादी हे टोक म्हणजे आफ्रिकेच्या मुख्य भूमीचा सर्वांत पश्चिमेकडील बिंदू होय. भाच्याच्या नोकरीच्या निमित्ताने तेथे आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. शहर पाहून झाल्यावर उरलेल्या सकाळी मी योफ आणि न्गोर या दोन जुन्या कोळीवस्त्यांच्या मधल्या व्हिराज नावाच्या पुळणीवर घालवल्या. तेथे दहा-बारा वर्षांची मुले फळीवर उभी राहून लाटांवर स्वार होत होती, आणि त्यांच्या पायांखाली, पाण्याच्या पृष्ठापासून जेमतेम पुरुषभर खोलीवर, काळा खडक पसरलेला होता. बालरोगतज्ज्ञाला हे दृश्य स्वस्थ बसू देत नाही. ही मुले सुखरूप कशी परततात, आणि परत आली नाहीत तर कशामुळे, याचा शोध घेता घेता जे समजले ते येथे मांडत आहे. आपल्या बेळगावास समुद्र नाही हे खरे. परंतु सुटी लागली की आपण सहकुटुंब गोवा, मालवण नाहीतर कारवार गाठतो, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

प्रथम खडकाविषयी. डकारचे हे टोक ज्वालामुखीतून निर्माण झालेले आहे. मामेल नावाच्या दोन टेकड्या त्याची साक्ष देतात. एकीवर १८६४ सालचे दीपगृह आहे, तर दुसरीवर २०१० साली उभारलेले आफ्रिकन पुनरुत्थानाचे ४९ मीटर उंचीचे स्मारक. किनाऱ्यावरचा काळाकभिन्न दगड पाहून दख्खनच्या आपल्या पाषाणाची आठवण होते. फरक इतकाच की हा दगड सतत ओला असल्याने त्याच्या अंगावर शिंपल्यांची धारदार कवचे आणि काटेरी सी अर्चिन यांची दाट वस्ती असते.

आता लाट. लाटेबरोबर पाणी दूरचा प्रवास करीत नाही, प्रवास करते ती ऊर्जा. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये, न्यूफाउंडलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान, मोठमोठी वादळे होतात. तेथे वाऱ्याने घुसळलेल्या पाण्यातून निघालेल्या लाटा वादळ मागे टाकून दक्षिणेकडे सरकू लागतात. वाटेत आखूड लाटा विरून जातात आणि लांब लाटा टिकतात. एका शिखरामागून दुसरे शिखर येण्यास १४ सेकंद लागत असतील, तर खोल समुद्रात त्या दोन शिखरांमधील अंतर सुमारे ३०० मीटर भरते आणि लाटांचा तांडा ताशी साधारण ४० किलोमीटर वेगाने पुढे जातो. सुमारे ४००० किलोमीटरचे अंतर कापून डकारला पोहोचण्यास त्याला चार दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणूनच आकाश निरभ्र आणि वारा मंद असताना डकारच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा आदळताना दिसतात, आणि नवखा पाहुणा फसतो. ज्या वादळाने ती लाट जन्माला घातली ते केव्हाच शमलेले असते.

लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून पाणी उथळ झाले की तिला तळाची जाणीव होऊ लागते. वेग मंदावतो, मागून येणारी ऊर्जा दाटते आणि लाट उंचावते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वा ते दीड पट उरली म्हणजे माथा तळाला मागे टाकतो आणि लाट फुटते. ती कशी फुटणार हे मात्र तळाच्या उतारावर ठरते. उतार सौम्य आणि वाळूचा असेल तर माथ्यावरून फेस घरंगळत येतो व लाट हळूहळू ढासळते. तळ एकदम वर चढत असेल, जसा खडकापाशी चढतो, तर लाटेचा माथा पुढे वळून धाडकन कोसळतो. मीटर-दीड मीटरच्या लाटेतही कित्येक टन पाणी असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

मग सर्फिंग करणारे खडकाळ जागाच का शोधतात? याचे उत्तर खडकाच्या स्थिरतेत आहे. स्वाराला लाटेचा फुटलेला भाग नको असतो. त्याच्या शेजारचा, अद्याप न फुटलेला उतार त्याला हवा असतो. लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने उलगडत गेली, तरच त्या उतारावरून त्याला आडवे धावता येते. सपाट वाळूवर अनेकदा सगळी भिंत एकदम कोसळते आणि स्वारीला वावच राहत नाही. तिरपा पसरलेला खडक मात्र प्रत्येक लाटेला त्याच ठिकाणी उचलतो आणि त्याच दिशेने उलगडतो. न्गोर गावासमोरच्या लहानशा बेटाजवळ अशी एक प्रसिद्ध लाट आहे. ब्रूस ब्राउन या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘द एंडलेस समर’ या चित्रपटासाठी ती चित्रित केली, आणि १९६६ साली हा चित्रपट सर्वत्र प्रदर्शित झाल्यावर न्गोरचे नाव जगभर पोहोचले.

व्हिराजसारख्या पुळणीवर वाळू आणि खडक यांची सरमिसळ असते, आणि माझ्या मते तेथला धोका अधिक फसवा आहे. निव्वळ खडकाळ जागी माणूस सावध असतो. मिश्र पुळणीवर वाळू जागा बदलते. मोठ्या लाटांच्या महिन्यांत ती खेचली जाऊन समुद्रातील दांड्यांवर साठते आणि महिन्यापूर्वी झाकलेला दगड उघडा पडतो. त्यात भरती-ओहोटीची भर. डकारला पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते; उधाणाच्या दिवसांत हा फरक सव्वा-दीड मीटरपर्यंत जातो. भरतीच्या वेळी जो खडक डोक्याइतक्या पाण्याखाली निर्धास्त वाटतो, तोच ओहोटीला गुडघ्याला लागतो. शिवाय लाट उभी राहताना पुढचे पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे नेमक्या कोसळण्याच्या क्षणी तेथील खोली आणखी कमी झालेली असते. स्थानिक मुलांना ही सारी जागा तोंडपाठ असते. ती पाण्यात शिरण्यापूर्वी बराच वेळ नुसती उभी राहून पाहतात. मला प्रथम तो आळस वाटला होता. ती मुले लाटांचे तांडे मोजत असतात, मोठ्या तांड्यानंतर किती उसंत मिळते ते पाहत असतात आणि आत जाण्याची वाट हेरत असतात.

ही वाट म्हणजे रिप करंट. किनाऱ्यावर लाटांनी लोटलेले पाणी कोठून तरी परत जायला हवे. ते दोन दांड्यांमधल्या खोलगट पट्ट्यातून किंवा खडकाच्या कडेने वेगाने समुद्राकडे वाहते. सर्फिंग करणारा त्यावर फळी टाकून अल्प श्रमात बाहेर पडतो. पोहायला आलेल्याला मात्र तेथेच मृत्यू गाठतो, कारण पट्टा खोल असल्याने तेथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसते. लहान मुलांना घेऊन आलेले पालक नेमकी तीच ‘शांत’ जागा निवडतात! जोरदार रिप करंटचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. १०० मीटर पोहण्याचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरही नाही. तेव्हा प्रवाहाविरुद्ध पोहून किनारा गाठण्याचा आग्रह व्यर्थ होय. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, आणि ओढ कमी झाल्यावर किनाऱ्याला समांतर, जेथे फेस दिसतो त्या दिशेने सरकावे. कोकण आणि गोव्यातील पुळणींच्या टोकांना जेथे डोंगराचा खडक समुद्रात उतरतो तेथेही हीच घडण असते. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक अशा जागी लाल निशाण लावतात. ते सुटीचा बेत बिघडवण्यासाठी नसते.

शार्कची भीती सर्वांना वाटते. तिचा विचार येथे न केला तरी चालेल. जखमा बहुतांशी स्वतःच्याच फळीने होतात. फळीखालचा पंखा किंवा टोक कपाळाला, हनुवटीला, पायाला लागते. फळी घोट्याला बांधण्याची दोरी १९७० च्या दशकात रूढ झाली. तिच्यामुळे फळी दूर जात नाही आणि थकलेल्याला तरंगता आधार मिळतो, परंतु ती खडकात अडकण्याचा संभवही असतो; म्हणून एका झटक्यात सुटणारा पट्टा हवा. पडायचे ते डोके खाली करून कधीही नव्हे. उथळ पाण्यात शरीर शक्य तितके पसरट ठेवून पडावे, दोन्ही हातांनी डोके व मान झाकावी, आणि वर येतानाही हात डोक्यावरच असावेत. मानेच्या मणक्याची एक दुखापत सारे आयुष्य बदलते, हे आपणा डॉक्टरांना निराळे सांगायला नको.

सी अर्चिनचा काटा तळव्यात मोडून राहणे ही न्गोरची नित्याची तक्रार. दिसणारे काटे काढावेत, न दिसणाऱ्यांसाठी खोल उकरू नये. सोसवेल इतक्या, परंतु ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसलेल्या, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय बुडवल्यास वेदना शमते. मुलाच्या बाबतीत पाण्याची उष्णता मोठ्या माणसाने आधी आपल्या हाताने पाहावी, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचे कळत नाही. काटा सांध्याजवळ असेल तर शल्यविशारदाकडे पाठवावे. खडकावर खरचटलेल्या जखमा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवाव्यात आणि धनुर्वाताच्या लशीची शेवटची मात्रा केव्हा झाली हे विचारावे; अशा मलिन जखमेत पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा मात्रा द्यावी. लाली झपाट्याने पसरू लागली तर व्हिब्रिओ जंतूंचा विचार मनात असावा. काही आठवड्यांनी गाठी उठल्या, तर मायकोबॅक्टेरियम मरीनमचा.

एक विकार आपल्यापैकी अनेकांनी ऐकलाही नसेल. २००४ साली हवाईतील डॉक्टरांनी नऊ नवशिक्यांची हकिगत प्रसिद्ध केली. पहिल्याच धड्यात फळीवर पालथे पडून, पाठ मागे ताणून हातांनी वल्हवताना त्यांना कंबरेत कळ आली आणि अल्पावधीत पायांतील शक्ती गेली, लघवी अडकली. ना मार, ना पडणे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होऊन असे घडते असे मानले जाते. नवशिक्याची पाठ दुखू लागली की त्याने तत्काळ पाण्याबाहेर यावे, हा नियम त्यातून आला.

परंतु सर्वांत मोठा धोका बुडण्याचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. दहांपैकी नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. बुडणाऱ्या मुलाच्या हृदयात आधी बिघाड नसतो. प्राणवायूच्या अभावाने ते थांबते. म्हणून केवळ छाती दाबणे येथे पुरेसे नाही. श्वास बंद असेल तर प्रथम दोन ते पाच श्वास तोंडाने द्यावेत, आणि मग छातीवर दाब व श्वास यांचे चक्र चालू ठेवावे. मुलाला उलटे धरून फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे आजही डोळ्यांदेखत घडतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि उलटी फुप्फुसात शिरते. डकारच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यापर्यंत पहिला हात अनेकदा फळीवरच्या पोराचाच पोहोचतो, कारण तो आधीच पाण्यात असतो आणि त्याच्यापाशी तरंगणारी वस्तू असते.

ही विद्या पश्चिम आफ्रिकेला बाहेरून मिळाली, असा समज त्या चित्रपटाने दृढ केला. वस्तुस्थिती वेगळी आहे. १६४० च्या दशकात गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, राहिलेल्या मिखाएल हेमरसाम या जर्मन प्रवाशाने आईबाप मुलांना फळीला बांधून पाण्यात सोडतात व पोहायला शिकवतात असे लिहून ठेवले आहे. जेम्स अलेक्झांडर यांच्या १८३७ च्या प्रवासवर्णनात आक्रा येथील मुले पोटाखाली हलक्या फळ्या घेऊन समुद्रात जातात आणि लाटेवर बसून परततात, असा उल्लेख येतो. न्गोरची वस्ती लेबू या मासेमारी करणाऱ्या समाजाची. तेथील खाज्जू सांबे ही सेनेगलची पहिली व्यावसायिक महिला सर्फर. मुलीने समुद्रात जाणे घरच्यांना मान्य नव्हते, आणि तो विरोध सहन करून ती आज इतर मुलींना शिकवते. तिच्या शिकवण्याचे महत्त्व मला लाटेपेक्षा पोहण्याच्या दृष्टीने अधिक वाटते, कारण ज्या मुलीला पाण्यात उतरूच दिले जात नाही ती कधी पाय घसरून पडली, तर तिला तरंगता येत नाही.

पाण्याबाहेर येणे हा या खेळाचा सर्वांत अवघड भाग, आणि तो कोणी चित्रित करीत नाही. दोन तासांत ओहोटी लागलेली असते, आत शिरण्याची वाट उघडी पडून दगडांनी भरलेली असते आणि दंड थकलेले असतात. जाणकार मुलगा अशा वेळी पाय खाली सोडत नाही. तो फळीवर पालथा पडून एक मोठा तांडा जाऊ देतो, मग शेवटच्या लाटेच्या पाठीवरून फेसाबरोबर पुढे सरकतो आणि फळीचा पंखा दगडाला लागण्याआधी, पाणी गुडघ्याइतके असताना, तळवे सपाट ठेवून अलगद उतरतो. वाट अजिबात दिसली नाही, तर तो वळसा घालून थेट योफच्या वाळूपर्यंत वल्हवत जातो आणि फळी डोक्यावर घेऊन रस्त्याने चालत परत येतो.