आभासी चलनाच्या पेढ्यांत कायद्याच्या जाणकारांना वाव

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांनाच आभासी चलनाच्या क्षेत्रात थारा आहे, हा समज आता सोडून द्यावा. कारण अर्थमंत्रालयाने ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेन्वये क्रिप्टो-विनिमय संस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून ग्राहकाची ओळख पडताळणे, व्यवहारांचे दप्तर जतन करणे आणि संशयास्पद उलाढालीची इत्तला केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागास देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले असून, त्यासाठी सनदी लेखापाल, वकील व बँकेच्या कामात मुरलेली माणसे त्यांना आवश्यक झाली आहेत. या कामाच्या तयारीसाठी, बिटकॉइन व इथेरियम यांवरील व्यवहारांच्या नोंदी सर्वांस खुल्या असल्याने, त्या व्यवहारांचा माग काढण्याचा अभ्यास घरबसल्या विनामूल्य करता येतो, आणि माझ्या मते असा लेखी अभ्यास कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक भक्कम दाखला होय. नोकरीसाठी अनामत रक्कम किंवा वॉलेटची गुप्त किल्ली मागणाऱ्याशी मात्र पत्रव्यवहार तत्काळ थांबवावा.